मराठी ब्रेल

मराठी ब्रेल ही मराठी भाषेच्या वाचन-लेखनासाठी वापरली जाणारी स्पर्शलिपी आहे. जाड कागदावर उठवलेल्या सहा टिंबांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून या लिपीतील अक्षरे तयार होतात आणि ती बोटांच्या टोकांनी वाचली जातात. मराठी ब्रेल ही भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये स्वीकारलेल्या 'भारती ब्रेल' या समान संकेतप्रणालीचा भाग आहे. देवनागरी अक्षरांचे आकार तिच्यात उमटवलेले नसतात. शब्दातील व्यंजने आणि स्वर ज्या क्रमाने उच्चारले जातात, त्याच क्रमाने ते एकापुढे एक लिहिले जातात.

अंध विद्यार्थ्याला भाषा ऐकून येते, परंतु शब्द कसा लिहिला जातो हे ऐकून नेहमीच कळत नाही. ह्रस्व-दीर्घ इकार-उकार, 'श' आणि 'ष' यांतील भेद, जोडाक्षरांची घडण, विरामचिन्हे या गोष्टी प्रत्यक्ष वाचनातूनच पक्क्या होतात. त्यामुळे अंध व्यक्तीच्या साक्षरतेत ब्रेलचे स्थान डोळस व्यक्तीच्या मुद्रित अक्षरांइतकेच मूलभूत मानले जाते.

## इतिहास

### ब्रेल लिपीचा उगम

ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. वडिलांच्या खोगिरे बनवण्याच्या कारखान्यात खेळताना झालेल्या इजेमुळे त्यांची दृष्टी बालपणीच गेली. पुढे ते पॅरिसमधील अंधशाळेत शिकले. ही शाळा व्हॅलेंतीन आय यांनी स्थापन केली होती. तेथे नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठवून मुलांना वाचायला दिली जात. अशी पुस्तके वाचायला अतिशय वेळ लागे आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहिणे तर जवळपास अशक्यच होते.

फ्रेंच सैन्यातील अधिकारी शार्ल बार्बिये यांनी बारा टिंबांची एक ध्वनिलिपी तयार केली होती. तिचा एक संकेत एका बोटाखाली मावत नसे. ब्रेल यांनी टिंबांची संख्या सहावर आणली आणि १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपल्या लिपीचा आराखडा पूर्ण केला. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, ४ जानेवारी, हा संयुक्त राष्ट्रांतर्फे २०१९ पासून जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

### भारत व महाराष्ट्र

भारतातील पहिली अंधशाळा ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे सुरू केली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. हीच संस्था आज कमला मेहता दादर अंधशाळा या नावाने ओळखली जाते. व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा ही मुंबईतील दुसरी जुनी शाळा १९०२ मध्ये स्थापन झाली. पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्येही अंध स्त्रियांना व मुलींना ब्रेल शिकवले जात असे.

त्या काळात भारतीय भाषांसाठी एकच एक ब्रेल संकेत नव्हता. नीलकंठराय ब्रेल, शिरेफ ब्रेल, शाह ब्रेल, ओरिएंटल ब्रेल अशा अनेक पद्धती निरनिराळ्या प्रांतांत आणि संस्थांत प्रचलित होत्या. एका शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रांतात छापलेले पुस्तक वाचता येईलच याची खात्री नसे आणि प्रत्येक पद्धतीसाठी वेगळी छपाई परवडण्याजोगी नव्हती.

१९४९ मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. सर क्लूथा मॅकेंझी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ मध्ये बैरूत येथील परिषदेत या प्रदेशातील भाषांच्या ब्रेलसाठी समान तत्त्वे ठरली. त्याच वर्षी भारतात भारती ब्रेलचा स्वीकार झाला आणि देहरादून येथे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, संक्षेपाने 'नॅब') स्थापना झाली. या संस्थेने महाराष्ट्रातील ब्रेल शिक्षणाच्या प्रसारात महत्त्वाची भूमिका बजावली.

## रचना

ब्रेलच्या एका चिन्हासाठी असलेल्या जागेला सेल म्हणतात. सेलमध्ये दोन उभ्या रांगा असून प्रत्येक रांगेत तीन टिंबांना जागा असते. डाव्या रांगेतील टिंबांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेतील टिंबांना ४, ५, ६ असे क्रमांक दिलेले आहेत. एखादे अक्षर सांगताना त्यातील उठावाच्या टिंबांचे क्रमांक सांगण्याची पद्धत आहे. उदाहरणार्थ, 'क' म्हणजे १-३ आणि 'ब' म्हणजे १-२.

सहा टिंबांपासून ६३ वेगवेगळी चिन्हे तयार होतात. रिकामा सेल धरल्यास ही संख्या ६४ होते. शब्दांमधील अंतर दाखवण्यासाठी रिकामा सेल सोडतात. टिंबाची उंची साधारण अर्धा मिलिमीटर, एका सेलमधील शेजारच्या दोन टिंबांमधील अंतर सुमारे २.५ मिलिमीटर आणि एका सेलच्या आरंभापासून पुढच्या सेलच्या आरंभापर्यंतचे अंतर सुमारे ६ मिलिमीटर असते. संपूर्ण सेल बोटाच्या टोकाखाली एकदम मावतो, हेच या लिपीच्या यशाचे मुख्य कारण आहे.

## वर्णमाला

भारती ब्रेलमध्ये समान उच्चाराच्या वर्णाला सर्व भारतीय भाषांत समान चिन्ह आहे. मराठी 'क', गुजराती 'क' आणि कन्नड 'क' यांच्या मुद्रित आकृत्या वेगळ्या असल्या, तरी ब्रेलमध्ये तिघांसाठीही १-३ हीच टिंबे आहेत. इंग्रजी ब्रेलमधील 'के' या अक्षराचीही टिंबे तीच आहेत. शक्य तेथे इंग्रजी ब्रेलमधील जवळच्या उच्चाराचे चिन्ह भारतीय वर्णाला दिलेले असल्यामुळे मराठी माध्यमातून पुढे इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे काम काहीसे सोपे होते.

स्वर: अ १, आ ३-४-५, इ २-४, ई ३-५, उ १-३-६, ऊ १-२-५-६, ए १-५, ऐ ३-४, ओ १-३-५, औ २-४-६. 'ऋ' साठी ५ आणि १-२-३-५ असे दोन सेल लागतात.

क-वर्ग: क १-३; ख ४-६; ग १-२-४-५; घ १-२-६; ङ ३-४-६.

च-वर्ग: च १-४, छ १-६, ज २-४-५, झ ३-५-६, ञ २-५.

ट-वर्ग: ट २-३-४-५-६; ठ २-४-५-६; ड १-२-४-६; ढ १-२-३-४-५-६; ण ३-४-५-६.

त-वर्ग: त २-३-४-५; थ १-४-५-६; द १-४-५; ध २-३-४-६; न १-३-४-५.

प-वर्ग: प १-२-३-४, फ २-३-५, ब १-२, भ ४-५, म १-३-४.

इतर व्यंजने: य १-३-४-५-६, र १-२-३-५, ल १-२-३, व १-२-३-६, श १-४-६, ष १-२-३-४-६, स २-३-४, ह १-२-५, ळ ४-५-६, क्ष १-२-३-४-५, ज्ञ १-५-६.

इतर चिन्हे: हलन्त ४, अनुस्वार ५-६, विसर्ग ६.

अंक लिहिताना आधी ३-४-५-६ हे अंकचिन्ह येते. त्यानंतर १ ते ९ आणि ० या अंकांसाठी इंग्रजी ब्रेलच्या पहिल्या दहा अक्षरांची चिन्हे वापरतात. '२५' ही संख्या ३-४-५-६, १-२, १-५ अशी लिहिली जाते. अंकचिन्ह आणि 'ण' यांची टिंबे एकच आहेत. मात्र अंकचिन्ह संख्येच्या आरंभी येते आणि मराठी शब्द सहसा 'ण' ने सुरू होत नाहीत, त्यामुळे वाचकाला संदर्भावरून भेद कळतो.

## शब्दलेखनाचे नियम

### स्वरचिन्हे

मुद्रित देवनागरीत स्वराची दोन रूपे असतात. शब्दाच्या आरंभी 'आ' पूर्ण लिहितात आणि व्यंजनानंतर त्याचा काना होतो. ब्रेलमध्ये दोन्ही ठिकाणी एकच चिन्ह येते. 'आई' मधील 'आ' आणि 'काम' मधील काना यांसाठी ३-४-५ हीच टिंबे वापरतात. व्यंजनात मिसळलेला 'अ' वेगळा लिहीत नाहीत. त्यामुळे 'कमल' हा शब्द क, म, ल अशा तीनच सेलमध्ये लिहून होतो.

देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, उकार खाली आणि मात्रा वर येते. ब्रेलमध्ये असे चार दिशांचे लेखन नाही. स्वर नेहमी व्यंजनानंतर उजवीकडे येतो. 'दिन' हा शब्द द, इ, न या क्रमाने लिहितात. अनुस्वारही आपल्या स्वरानंतर येतो.

व्यंजनानंतर स्वतंत्र स्वर येत असेल, तर त्यापूर्वी 'अ' लिहावा लागतो. 'मऊ' हा शब्द १-३-४, १, १-२-५-६ असा लिहितात. मधले एक टिंब गाळल्यास तोच शब्द 'मू' असा वाचला जातो. 'सई' आणि 'सी' यांतही हाच फरक आहे. 'पाऊस' या शब्दात मात्र 'ऊ' च्या आधी 'आ' हा स्वर आधीच असल्यामुळे वेगळ्या 'अ' ची गरज पडत नाही.

### जोडाक्षरे

जोडाक्षरातील ज्या व्यंजनात स्वर नसतो, त्या व्यंजनाच्या आधी हलन्ताचे ४ हे टिंब देतात. देवनागरीत पाय मोडल्याचे चिन्ह व्यंजनाखाली येते, तर ब्रेलमध्ये ते आधी येऊन वाचकाला पुढच्या व्यंजनाची सूचना देते. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र चिन्हे असल्याने तेथे हलन्त लागत नाही.

देवनागरीत 'र' जोडाक्षरात आपले रूप बदलतो. 'सूर्य' मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून बसतो, 'प्रकाश' मध्ये तिरकी रेघ होतो आणि 'राष्ट्र' मध्ये अक्षराखाली जातो. ब्रेलमध्ये या सर्व ठिकाणी १-२-३-५ हेच चिन्ह राहते. 'सूर्य' हा शब्द स, ऊ, हलन्त, र, य असा, तर 'प्रकाश' हा हलन्त, प, र, क, आ, श असा लिहितात. 'राष्ट्र' मध्ये 'ष' आणि 'ट' या दोन्ही व्यंजनांपूर्वी हलन्त येतो. ज्याला रफार कोणत्या अक्षरावर द्यावा याचा संभ्रम पडतो, अशा डोळस विद्यार्थ्यापेक्षा ब्रेल वाचकाला जोडाक्षरातील वर्णक्रम अधिक उघडपणे दिसतो.

### स्थलनावांची उदाहरणे

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील परिचित नावांवरून वरील नियम स्पष्ट होतात.

* नौपाडा (ठाणे शहराच्या पश्चिम भागातील वस्ती): न १-३-४-५, औ २-४-६, प १-२-३-४, आ ३-४-५, ड १-२-४-६, आ ३-४-५. दोन्ही काने पूर्ण 'आ' नेच लिहिले जातात. यातील 'न' आणि 'ड' ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत.
* ठाणे: ठ २-४-५-६, आ ३-४-५, ण ३-४-५-६, ए १-५. येथे शब्दाच्या मध्यभागी आलेले ३-४-५-६ हे चिन्ह 'ण' असे वाचले जाते.
* कल्याण: क १-३, हलन्त ४, ल १-२-३, य १-३-४-५-६, आ ३-४-५, ण ३-४-५-६. हलन्ताचे एक टिंब सुटल्यास 'कलयाण' असे वाचले जाईल.
* डोंबिवली: ड १-२-४-६, ओ १-३-५, अनुस्वार ५-६, ब १-२, इ २-४, व १-२-३-६, ल १-२-३, ई ३-५. एकाच शब्दात ह्रस्व आणि दीर्घ असे दोन्ही इकार आले आहेत. आठ सेलचा हा शब्द कागदावर सुमारे ५ सेंटिमीटर जागा घेतो.
* टिटवाळा: ट २-३-४-५-६, इ २-४, ट २-३-४-५-६, व १-२-३-६, आ ३-४-५, ळ ४-५-६, आ ३-४-५. 'ळ' च्या जागी १-२-३ ही टिंबे पडल्यास 'टिटवाला' होईल.

## शिकण्याचे टप्पे

### स्पर्शाची पूर्वतयारी

ब्रेल वाचण्यासाठी बोटांची संवेदना असणे पुरेसे नसते. स्पर्शातून आलेली माहिती ओळखून लक्षात ठेवण्याचा सराव लागतो. लहान मुलांना कडधान्ये वेगळी करणे, मणी ओवणे, खरखरीत आणि गुळगुळीत पृष्ठभाग ओळखणे, ओळीवरून बोट फिरवून ती कोठे तुटते ते शोधणे असे खेळ दिले जातात. वर-खाली, डावे-उजवे, आधी-नंतर या संकल्पना पक्क्या झाल्याशिवाय सेलमधील टिंबांचे क्रमांक समजत नाहीत.

सेलची ओळख प्रथम मोठ्या आकारात करून देतात. त्यासाठी सहा खुंट्या बसवता येणारा लाकडी ठोकळा वापरतात. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि गोट्या एवढ्या साध्या साहित्यावरही हे काम भागते. मुलाने 'ब' म्हणजे १-२ असे सांगत त्या खळग्यांत गोट्या ठेवल्या, की अक्षर आणि टिंबांचे क्रमांक यांची सांगड बसते. त्यानंतर आकार हळूहळू लहान करीत कागदावरील ब्रेलकडे वळतात.

### अक्षरांचा क्रम

मुद्रित लिपी शिकताना आकारसाम्य असलेली अक्षरे एकत्र शिकवण्याची पद्धत आहे. ब्रेलमध्ये याउलट सारखी वाटणारी चिन्हे सुरुवातीला एकमेकांपासून दूर ठेवणे इष्ट असते. वर्णमालेच्या क्रमाने गेल्यास पहिल्याच पायरीवर 'क' (१-३) आणि 'ख' (४-६) ही प्रतिबिंबाची जोडी समोर येते. अशा जोड्या मराठी ब्रेलमध्ये अनेक आहेत: ब–भ, ल–ळ, न–ड, र–ठ, ज–ह, म–श, प–थ, इ–ए, ओ–औ. 'मराठी' या शब्दातच 'र' आणि 'ठ' ही जोडी आहे.

कमी टिंबांच्या आणि स्पर्शाला ठळक वाटणाऱ्या अ, ब, क, ल, म अशा अक्षरांपासून आरंभ केल्यास 'कमल', 'अमल' यांसारखे अर्थपूर्ण शब्द लवकर वाचता येतात. सुटी अक्षरे पाठ करण्यापेक्षा शब्द वाचल्याने मुलाची गोडी टिकते.

### वाचनाची रीत

वाचताना तर्जनीचे टोक ओळीवरून डावीकडून उजवीकडे हलक्या, सलग गतीने सरकत जाते. नवशिके वाचक एका अक्षरावर थांबून बोट वर-खाली घासतात किंवा जोराने दाबतात. त्यामुळे चिन्ह अधिक स्पष्ट होण्याऐवजी टिंबांची मांडणी हरवते आणि बोटही बधिर होते. सरावलेले वाचक दोन्ही हात वापरतात. उजवा हात ओळीचा शेवट वाचत असताना डावा हात पुढच्या ओळीचा आरंभ शोधतो.

डोळ्याला एका दृष्टिक्षेपात संपूर्ण शब्द दिसतो. बोटाला मात्र तो एका सेलमागून दुसरा असा मिळतो. वाचलेली अक्षरे मनात धरून शब्द पूर्ण करावा लागतो, म्हणून सुरुवातीचा वेग कमी असतो. नेहमीचे शब्द आणि प्रत्यय परिचयाचे झाले, की पुढचे अक्षर काय असेल याचा अंदाज येऊ लागतो आणि वेग वाढतो.

मोठ्या वयात दृष्टी गेलेल्यांना भाषेचे लेखन आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्यांना केवळ नवी चिन्हे शिकायची असतात. मात्र त्यांच्या बोटांना बारीक स्पर्शाची सवय नसते. मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असते. अशांना मोठ्या अंतरावरील टिंबांपासून सुरुवात करणे उपयोगी पडते.

## लेखनाची साधने

ब्रेल पाटी आणि स्टायलस ही सर्वांत स्वस्त व सुटसुटीत साधने आहेत. पाटीवर कागद अडकवून त्यावर चौकोनी खिडक्यांची पट्टी बसवतात आणि टोकदार स्टायलसने टिंबे टोचतात. टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठत असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे करावे लागते. कागद उलटला, की मजकूर डावीकडून उजवीकडे वाचता येतो.

लिहिताना १, २, ३ ही टिंबे खिडकीच्या उजव्या कडेला येतात. वाचताना बोटाला जाणवलेला आकार जसाच्या तसा टोचल्यास 'न' च्या जागी 'ड' आणि 'ल' च्या जागी 'ळ' उमटतो. यामुळेच अक्षरे आकाराऐवजी टिंबांच्या क्रमांकांनी लक्षात ठेवण्यावर भर दिला जातो. 'ल म्हणजे १-२-३' हे सूत्र वाचताना आणि लिहिताना सारखेच लागू पडते.

ब्रेलरवर म्हणजे ब्रेल टंकलेखन यंत्रावर ही अडचण येत नाही. डेव्हिड अब्राहम यांनी रचलेला पर्किन्स ब्रेलर १९५१ पासून अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेमार्फत तयार होऊ लागला. त्यात सहा टिंबांसाठी सहा कळा असतात आणि एका अक्षराच्या कळा एकाच वेळी दाबल्या जातात. टिंबे वरच्या बाजूला उठत असल्याने लिहिलेले लगेच वाचून तपासता येते. पाटीवर लिहिताना त्यासाठी कागद काढावा लागतो.

चुकलेले टिंब बोटाने किंवा स्टायलसच्या मागच्या टोकाने दाबून सपाट करता येते, परंतु त्याची खूण राहू शकते. त्यामुळे वाक्य मनात जुळवून मगच लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लागते.

## ब्रेल आणि शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे नियम ब्रेल लेखनालाही तसेच लागू आहेत. शब्दाच्या अखेरचा इकार-उकार सर्वसाधारणपणे दीर्घ लिहावा, या नियमानुसार 'मराठी' च्या शेवटी ३-५ हे चिन्ह येते. 'मूल' या शब्दातील दीर्घ 'ऊ' (१-२-५-६) 'मुलाला' या सामान्यरूपात ह्रस्व 'उ' (१-३-६) होतो. 'दूध'–'दुधाला' आणि 'पीक'–'पिकाला' यांतही असाच बदल होतो.

रोजच्या बोलण्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा ठळक राहत नाही. 'दिन' (दिवस) आणि 'दीन' (गरीब), 'शिर' (डोके) आणि 'शीर' (रक्तवाहिनी), 'सुत' (मुलगा) आणि 'सूत' (धागा) हे शब्द केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांचे लेखन वेगळे आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. 'श' आणि 'ष' यांचीही हीच स्थिती आहे. डोळस मुलाच्या नजरेखालून पाट्या, वर्तमानपत्रे, दुकानांची नावे अशी अक्षरे दिवसभर जात असतात आणि त्यातून लेखनाचे संस्कार नकळत होतात. अंध मुलाला ही संधी ब्रेल पुस्तकांतूनच मिळते.

स्पर्शवाचनात ह्रस्व आणि दीर्घ इकारांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 'इ' (२-४) आणि 'ई' (३-५) या दोन्हींत दोन तिरकी टिंबे असून दुसऱ्या चिन्हात ती एक पायरी खाली असतात. शेजारच्या अक्षरांच्या उंचीशी तुलना केल्याशिवाय हा फरक बोटाला जाणवत नाही. हलन्ताचे एकुलते एक टिंबही नवशिक्याच्या बोटाखालून निसटते.

डोळस शिक्षकाशी किंवा लेखनिकाशी बोलताना आणखी एक गोष्ट आवश्यक असते. काना, मात्रा, पहिली वेलांटी, दुसरा उकार, रफार ही नावे देवनागरीच्या आकारांवरून पडलेली आहेत. ब्रेलमध्ये या आकृत्या नसल्या, तरी 'पहिली वेलांटी म्हणजे ह्रस्व इ' ही सांगड विद्यार्थ्याला ठाऊक असावी लागते. तरच तो आपल्याला अभिप्रेत असलेले लेखन डोळस व्यक्तीला बिनचूक सांगू शकतो.

## परीक्षा आणि लेखनिक

शालेय व स्पर्धा परीक्षांमध्ये अंध विद्यार्थी बहुतेक वेळा लेखनिकाची मदत घेतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखनिक घेणाऱ्या पात्र उमेदवाराला परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळतो. परीक्षा ब्रेलमध्ये किंवा संगणकावर देण्याचा पर्याय शक्य तेथे उपलब्ध करून द्यावा, हे तत्त्वही सरकारने स्वीकारले आहे.

लेखनिकामुळे उत्तर डोळस परीक्षकाला वाचता येते, पण कागदावर उतरणारे शुद्धलेखन लेखनिकाचे असते. विद्यार्थ्याला लेखन येत असूनही लेखनिकाच्या चुका त्याच्या नावावर जमा होऊ शकतात. उलट, विद्यार्थी लेखनाच्या सरावापासून दूर राहिला तरी उत्तरपत्रिकेवरून ते लक्षात येत नाही. ही उणीव पुढे नोकरीत, पत्रव्यवहारात किंवा संगणकावर स्वतः मजकूर लिहिण्याची वेळ आल्यावर जाणवते.

## वाचनसाहित्य

ब्रेल पुस्तके आकाराने मोठी असतात. जाड कागद, मोठी चिन्हे आणि ओळींमधील अंतर यांमुळे मुद्रित स्वरूपातील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात. मराठी ब्रेल मुख्यत्वे अक्षरशः, म्हणजे संक्षेपांविना लिहिले जाते. प्रगत इंग्रजी ब्रेलमध्ये नेहमीच्या शब्दांसाठी व अक्षरसमूहांसाठी संक्षेप असतात, त्यामुळे तेथे जागा वाचते. मराठीत जागा अधिक लागते, मात्र प्रत्येक शब्दाचे पूर्ण लेखन वाचकाच्या बोटाखालून जाते.

'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांच्या संपादकत्वाखाली फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईतून सुरू झाले. पाठ्यपुस्तकांच्या पलीकडे चालू घडामोडी व सर्वसाधारण वाचन मराठी ब्रेलमध्ये नियमितपणे देणारे हे नियतकालिक आहे. पुण्यातील निवांत अंध मुक्त विकासालय ही संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ब्रेल साहित्य तयार करते. आळंदी येथे अंध मुलींसाठी जागृती शाळा आहे.

प्रकाशित पुस्तकांच्या ब्रेल आवृत्त्या काढताना पूर्वी स्वामित्वहक्काची अडचण येत असे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्यास मुभा दिली. याच विषयावरील मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. 'सुगम्य पुस्तकालय' हे सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले.

## तंत्रज्ञान

संगणकावरील युनिकोड मराठी मजकूर आता सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ब्रेलमध्ये बदलता येतो. 'लिबलुई' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीसाठी रूपांतराची सोय आहे. असा मजकूर ब्रेल एम्बॉसर या मुद्रकावर छापता येतो किंवा ब्रेल डिस्प्ले या उपकरणावर वाचता येतो. ब्रेल डिस्प्लेमध्ये लहान पिना वर-खाली होऊन एका वेळी एक ओळ उमटते. त्यामुळे जाडजूड खंड बाळगावे लागत नाहीत, परंतु या उपकरणाची किंमत अनेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर असते.

पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर आणि ध्वनिपुस्तके यांमुळे वाचनसाहित्य मोठ्या प्रमाणावर व जलद उपलब्ध झाले. त्याच वेळी ब्रेलचा सराव कमी होण्याची चिंता अंधशिक्षणाच्या क्षेत्रात व्यक्त केली जाते. ध्वनी मजकुराचा आशय पोहोचवतो, पण शब्दाची घडण सहसा दाखवत नाही. सॉफ्टवेअरला एकेक अक्षर उच्चारण्यास सांगून लेखन तपासता येते, मात्र लांब मजकुरात प्रत्येक शब्दासाठी असे करणे व्यवहार्य नसते. गणित, नकाशे आणि तक्ते यांसाठीही स्पर्शवाचन अधिक सोयीचे ठरते. दृष्टी व श्रवण दोन्ही नसलेल्या व्यक्तींना तर ध्वनीचा पर्यायच उपलब्ध नसतो. त्यांच्यासाठी ब्रेल हे वाचनाचे प्रमुख साधन आहे.

## कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाच्या साधनांत ब्रेलचा समावेश केलेला आहे. ब्रेल जाणणारे शिक्षक प्रशिक्षित करणे व नेमणे ही शासनाची जबाबदारी या कायद्यात नमूद आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयोगटातील बालकांना जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अंध विद्यार्थी सर्वसाधारण शाळेत शिकत असल्यास त्याला ब्रेल शिकवणारा विशेष शिक्षक नियमितपणे मिळणे आणि पाठ्यपुस्तके वर्षाच्या आरंभीच ब्रेलमध्ये हाती येणे, यावर त्याची साक्षरता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

## हेही पहा

* लुई ब्रेल
* भारती ब्रेल
* देवनागरी
* मराठी शुद्धलेखन
* राष्ट्रीय अंध संघ
* जागतिक ब्रेल दिन